उद्याननगरीचा लघुलेखक

नव्या गृहसंकुलाला गार्डन सिटी असे नाव देण्याची प्रथा मुंबई-पुण्याच्या उपनगरांत आता जुनी झाली. चार झाडे, एक कारंजे आणि फाटकावर पहारेकरी एवढ्या भांडवलावर हे नाव मिळते. ज्या इंग्रज गृहस्थाने उद्याननगरीची कल्पना जगापुढे मांडली, त्या एबनेझर हॉवर्ड यांच्या लेखी मात्र बागेइतकेच, किंबहुना बागेहून अधिक महत्त्व हिशेबाला होते. नळाला येणारे पाणी, सांडपाण्याचा निचरा, रस्ते, शाळा यांचा खर्च कोणी आणि कशातून भागवायचा, हा त्यांना पडलेला प्रश्न होता. विशेष म्हणजे ते अभियंता नव्हते, वास्तुविशारदही नव्हते. ते लघुलेखक होते.

हॉवर्ड यांचा जन्म २९ जानेवारी १८५० रोजी लंडनमधील फोर स्ट्रीटवर एका दुकानदाराच्या घरी झाला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि कारकुनी सुरू झाली. पिटमनची लघुलिपी ते स्वतःच शिकले. १८७१ मध्ये दोन मित्रांसह त्यांनी अमेरिका गाठली आणि नेब्रास्कात १६० एकरांवर शेती मांडली. शहरात वाढलेल्या या तरुणाला ती जमली नाही. मग शिकागोत न्यायालयांचे कामकाज टिपून घेण्याची नोकरी त्यांनी धरली. १८७१ च्या भीषण आगीतून ते शहर तेव्हा नव्याने उभे राहत होते. १८७६ मध्ये मायदेशी परतल्यावर संसदेचे कामकाज नोंदवणाऱ्या कंपनीत ते रुजू झाले आणि हेच काम त्यांच्या चरितार्थाचे साधन राहिले.

संसदेत आणि तिच्या समित्यांपुढे दाटीवाटीच्या वस्त्यांविषयी जे बोलले जाई, ते टिपणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय. ऐकलेले विसरून जाण्याची सवय मात्र त्यांना नव्हती. घरी पत्नी लिझी, चार मुले आणि कायमची पैशाची ओढाताण. लंडनच्या उपनगरांतून भाड्याची घरे बदलत हे कुटुंब राहिले. स्टॅमफर्ड हिल या उत्तरेकडील उपनगरातल्या घरी, कामावरून परतल्यानंतरच्या वेळात, हॉवर्ड यांनी आपली योजना कागदावर उतरवली.

तिचे मूळ अगदी साधे आहे. एखाद्या माळरानावर माणसे राहायला येतात, दुकाने थाटली जातात, गाडी थांबू लागते आणि जमिनीचा भाव वाढतो. ही वाढ घडवतो रहिवासी आणि ती खिशात घालतो जमीनमालक. भाडेकरू त्याला वाढीव भाडे देतो, आणि दिवे, पाणी, गटारे यांसाठी स्थानिक संस्थेला निराळा कर भरतो. हॉवर्ड यांनी मांडले ते असे : शहरापासून दूर, शेतीच्या भावाने ६,००० एकर जमीन घ्यावी. एकरी ४० पौंड धरले तर २ लाख ४० हजार पौंड लागतील. ही रक्कम ४ टक्के व्याजाने उभारावी. १,००० एकरांवर नगर वसवावे, उरलेल्या जमिनीवर शेती कायम ठेवावी आणि लोकसंख्या ३२ हजारांवर थांबवावी. रहिवाशाने भाडे आणि कर मिळून एकच रक्कम भरावी. तिच्यातून आधी व्याज द्यावे, मग मुद्दल फेडावे आणि उरलेल्या पैशांतून सर्व नागरी सेवा चालवाव्यात. कर्ज फिटले की तोही पैसा गावाचाच; त्यातून रुग्णालये उभारावीत, वृद्धांना निवृत्तिवेतन द्यावे. जमीन कायम गावाच्या विश्वस्तांकडे राहणार असल्याने भाववाढ बाहेर जाण्याची वाटच नव्हती.

एका मित्राने ५० पौंड दिल्यामुळे १८९८ मध्ये हे पुस्तक छापले गेले. १९०२ मध्ये ते उद्याच्या उद्याननगरींचे पुस्तक म्हणून नव्या नावाने निघाले आणि गाजले. योगायोग असा, की त्याच १८९८ साली प्लेगने हादरलेल्या मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंग्याची प्रशस्त आखणी पुढे त्यातूनच आली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. कोंदट शहराने निर्माण केलेली धास्ती मात्र सारखीच होती.

१९०३ मध्ये लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ येथे ३,८१८ एकर जमीन कंपनीमार्फत घेण्यात आली. आराखडा बॅरी पार्कर आणि रेमंड अन्विन यांनी केला. नव्या गावी संसार हलवण्याआधीच, नोव्हेंबर १९०४ मध्ये लिझी यांचे निधन झाले. अडचणीच्या सर्व वर्षांत योजनेवर त्यांनी पतीइतकाच विश्वास ठेवला होता. लेचवर्थ वाढत गेले. सुरुवातीला पालिका नसल्याने पाणी, गॅस आणि वीज कंपनीच पुरवत असे. १९०५ मध्ये १५० पौंडांत बांधता येतील अशा घरांचे प्रदर्शन भरले आणि हजारो लोक ते पाहायला लोटले. डेंट या प्रकाशकांचा छापखाना आला, स्त्रियांची अंतर्वस्त्रे शिवणारा स्पिरेला कारखाना आला. दारूचा गुत्ता मात्र आला नाही. रहिवाशांनी मतदान करून तो कित्येक दशके दूर ठेवला.

हिशेबाला तडा गेला तो येथेच. भाड्याचा ठरावीक मुदतीने फेरविचार व्हावा, म्हणजे भाववाढ गावाच्या तिजोरीत येईल, असा हॉवर्ड यांचा आग्रह होता. कारखानदारांना आणि घरे बांधणाऱ्यांना अशी अनिश्चितता नको होती. त्यांनी ९९ वर्षांचे, भाडे न बदलणारे पट्टे पसंत केले आणि भांडवलाच्या चिंतेतील संचालकांनी ते मान्य केले. गाव बांधणाऱ्या अकुशल मजुरांपैकी अनेकांना तर तिथले घर परवडलेही नाही. हॉवर्ड यांनी राजीनामा दिला नाही, जाहीर भांडणही केले नाही. त्यांच्या स्वभावातील ही ऋजुता योजनेला महागात पडली, असे म्हणावे लागते.

मात्र ही ऋजुता भित्रेपणाची नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर सरकार घरे बांधेल, तोवर थांबावे, असे सहकाऱ्यांचे मत होते. १९१९ मध्ये वेल्विनजवळची जमीन लिलावात निघताच सत्तरीकडे झुकलेल्या हॉवर्ड यांनी बोली लावली. अनामत रकमेची जुळवाजुळव उसनवारीवर झाली होती आणि तीही पुरी पडली नाही; जमीन मात्र सुमारे ५१ हजार पौंडांना त्यांनी मिळवली. दुसरे उद्याननगर तेथे उभे राहिले आणि ते स्वतः तेथेच राहायला गेले. १९२७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १ मे १९२८ रोजी वेल्विन येथे त्यांचे निधन झाले.

लेचवर्थच्या जमिनीचा प्रश्न त्यांच्या पश्चात तीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला. कंपनीने लाभांशावरील मर्यादा काढताच बाहेरच्या गुंतवणूकदारांनी तिचे भाग घेऊन नियंत्रण मिळवले. जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली जाणार, ही भीती गावात पसरली. रहिवासी आणि स्थानिक पालिका संसदेत गेले आणि १९६२ मध्ये खास कायदा करून गावाची मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे सोपवण्यात आली. १९९५ पासून ती एका प्रतिष्ठानकडे आहे आणि जमिनीच्या भाड्यातून येणारे उत्पन्न ते गावातील कामांवरच खर्च करते.