आजचं वाचन : मत्तय २५ : ३१-४६, वाडगा घेतलेला बिशप



आजचं शुभवर्तमान आपल्याला जवळजवळ पाठ आहे. मेंढरं एका बाजूला, शेरडं दुसऱ्या. राजा विचारतो ते भूक, तहान, कपडे, आजारपण आणि तुरुंगाबद्दल. हा उतारा ऐकला की मला पणजीच्या रस्त्यावर वाडगा घेऊन फिरणारा एक म्हातारा बिशप आठवतो. ऑर्थोडॉक्स बंधुभगिनी त्यांचं नाव आदराने घेतात. आपण कॅथलिक जरा हळू आवाजात घेतो.

आंतोनिओ फ्रान्सिस्को झेवियर आल्वारेस. जन्म १८३६, गोव्यातलं वेर्णा गाव. तरुणपणीच ते कॅथलिक धर्मगुरू झाले. पणजीत गरिबांसाठी त्यांनी मदतसंस्था काढली. वर्तमानपत्रंही काढली, एक बंद पडलं की दुसरं. पोर्तुगीज सरकार असो की चर्चचे अधिकारी, लेखणी कुणालाच सोडत नव्हती. त्यामुळे गप्प बसवायला टपलेले दोन्हीकडे होते.

त्या काळात एक मोठं भांडण चालू होतं. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कॅथलिक चर्चेसवर हक्क कुणाचा, पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमचा? १८८६ साली पोप लिओ तेरावे आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि गोवेकर पाद्रींच्या हातातली बरीच चर्चेस रोमच्या व्यवस्थेखाली गेली. पिढ्यान्पिढ्या तिथे मिस्सा ऐकणाऱ्या माणसांना कुणी काही विचारलं नाही. फादर आल्वारेस चिडले, भांडले आणि शेवटी केरळच्या वाटेला लागले. २९ जुलै १८८९ रोजी कोट्टायमला मलंकरा चर्चच्या बिशपांनी त्यांना अभिषेक केला. त्यांत परुमलाचे संत मार ग्रिगोरिओसही होते. आल्वारेस आता मार ज्युलियस झाले : गोवा, हिंदुस्थान आणि सिलोनचे मेट्रोपॉलिटन. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना बहिष्कृत केलं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. १८९२ साली कोलंबोत त्यांनी रने व्हिलात या पाश्चात्त्य पाद्रीला बिशप केलं, आणि त्याने पुढे जे बिशप केले त्यांचा हिशेब चर्चचे इतिहासकार अजून लावतायत. पण ब्रह्मावरच्या कोंकणी कॅथलिकांचा एक गट फादर नरोन्हांबरोबर त्यांच्यामागे आला, तो समाज आजही ऑर्थोडॉक्स आहे.

१८९५च्या सुमारास राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना पकडलं. बिशपपदाची वस्त्रं अंगावरून उतरवली, क्रूस आणि अंगठी काढून घेतली आणि तसंच कोठडीत नेलं. कोर्टात काहीच सिद्ध झालं नाही, ते सुटले. म्हणजे आजच्या वाचनातला उघडा आणि तुरुंगातला, दोन्ही तेच.

नंतरची वर्षं बघा. कॉलऱ्याच्या उपचारांवर त्यांनी पुस्तिका लिहिली. गरिबाचं पोट भरेल म्हणून टॅपिओका लावा असं सांगत राहिले. रायबंदरला क्षयाचे आणि कुष्ठरोगाचे रोगी सांभाळले, आणि त्यांच्यासाठी पणजीत दारोदार हात पसरला. एकदा एका दुकानदाराने पैशाऐवजी वाडग्यात थुंकी टाकली. हे माझं झालं, आता गरिबांसाठी काहीतरी द्या, अशा अर्थाचं ते शांतपणे बोलले म्हणे. अशी गोष्ट इतरही संतांबद्दल सांगतात, तेव्हा मी पैज लावणार नाही. पण पणजीत ती याच माणसाला चिकटली, यात काहीतरी आहे ना?

२३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या धर्मादाय इस्पितळात हगवणीने ते गेले. शेवटी परत कॅथलिक व्हा म्हणून मनधरणी झाली. ते बधले नाहीत. पार्थिव नगरपालिकेच्या सभागृहात ठेवलं, तेव्हा गरीब आणि भिकारी रांग लावून आले. पणजीभर अंत्ययात्रा फिरली. मग सांत इनेजच्या स्मशानात, धर्मविधी न होता, एका बाजूच्या कोपऱ्यात पुरलं. ना मिस्सा, ना पाद्री.

एवढी गर्दी आणि एक प्रार्थना नाही, इथे मी वाचताना दरवेळी अडकतो.

चार वर्षांनी मित्रांनी अस्थी गोळा केल्या, त्याच स्मशानात पुन्हा ठेवल्या आणि वर मोठा क्रूस उभारला. आता त्या रायबंदरच्या सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. पणजीहून जुन्या गोव्याला सेंट झेवियरच्या दर्शनाला जाताना मांडवीकाठचा जुना रस्ता धरलात तर रायबंदर वाटेतच लागतं.