सद्गुणांचा संथ चितारी : दोमेनिकिनो

सतराव्या शतकातील रोमच्या चित्रवैभवात दोमेनिको झाम्पिएरी ऊर्फ दोमेनिकिनो याचे स्थान मोठे आहे. तथापि हयातीत त्याच्या वाट्याला कौतुकाइतकीच कुचेष्टाही आली. 1581 मध्ये इटलीतील बोलोन्या नगरात, पादत्राणे बनविणाऱ्या एका कारागिराच्या घरी तो जन्मला. ठेंगण्या चणीमुळे ‘छोटा दोमेनिको’ या अर्थाचे नाव त्याला कायमचे चिकटले. काराच्ची घराण्याच्या कलाशाळेत सहाध्यायी त्याला बैल म्हणून हिणवीत. कारण कामाला हात घालण्यापूर्वी तो दीर्घकाळ विचारात गढलेला असे. गुरू आनिबाले काराच्चीने मात्र हा बैल एक दिवस चित्रकलेचे शेत सुपीक करील, असे भाकीत केल्याचे जुने चरित्रकार सांगतात.

1602 मध्ये तो रोमला आला. 1614 मध्ये पूर्ण झालेल्या संत जेरोमच्या अखेरच्या प्रसादग्रहणाच्या चित्राने त्याला कीर्ती दिली. पुढे जोव्हानी लानफ्रांको या प्रतिस्पर्ध्याने त्याच चित्रावरून त्याच्यावर वाङ्मयचौर्यासारखा कल्पनाचौर्याचा आरोप केला. सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चच्या घुमटाचे कामही लानफ्रांकोकडेच गेले.

दोमेनिकिनोच्या संथपणाचे मर्म सान कार्लो आई कातिनारी या चर्चमधील कामात उमगते. संत चार्ल्स बोरोमेओ यांच्या नावे उभारलेल्या या वास्तूत घुमटाला आधार देणाऱ्या चार वक्र त्रिकोणी कोपऱ्यांवर विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार सद्गुण मानवी रूपात चितारण्याचे काम 1627 नंतर त्याने केले. भित्तिचित्र ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवितात. जेवढे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवायचा. तो सुकला की चूक सुधारणे दुरापास्त. म्हणूनच सारा विचार आधी कागदावर व्हावा लागे. निळसर-करड्या कागदावर काळा खडू आणि उजेडासाठी पांढरा खडू घेऊन तो एकेका आकृतीची बैठक, हाताचा कल, वस्त्राची चुणी पुन्हा पुन्हा तपासून पाही. अमूर्त गुणाला देह द्यायचा, तर त्या देहाचे वजनही खरे वाटले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. भिंतीवर जे सहज भासते, त्यामागे असे कित्येक कागद होते.

1631 मध्ये सान जेन्नारोच्या प्रार्थनागृहाच्या कामासाठी तो नेपल्सला गेला. परक्या चित्रकाराला तेथील मंडळींनी धमक्यांनी जेरीस आणले. 1634 मध्ये तो जीव मुठीत धरून पळाला. पुढच्या वर्षी परतला. 6 एप्रिल 1641 रोजी काम अपुरे असतानाच त्याचे निधन झाले. विषप्रयोगाचा संशय व्यक्त झाला, सिद्ध मात्र काहीच झाले नाही. तेथील घुमटही अखेर लानफ्रांकोनेच रंगविला.

कागद मात्र टिकले. शिष्याकडून चित्रकार कार्लो माराट्टा, मग पोप अकरावे क्लेमेंट आणि त्यांचे आल्बानी घराणे असा प्रवास करीत ती रेखाटने 1762 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाने विकत घेतली. आज विंडसर येथील राजसंग्रहात त्यांची संख्या सतराशेहून अधिक आहे. ज्याला सहाध्यायांनी मंदबुद्धी ठरविले, त्याच्या विचारांची वाट या कागदांवरून आजही पावलापावलाने चालता येते.