कर्जबाजाऱ्यांचे कैवारी डॉ. पंजाबराव देशमुख

बाबासाहेबांच्या चळवळीला वऱ्हाडातून साथ देणाऱ्या एका थोर पुरुषाचे स्मरण या स्मरणिकेत करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी कास्तकाराच्या घरी झाला. विलायतेत ते बॅरिस्टर झाले, डॉक्टरेटही मिळविली. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यात ते अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला परिषद भरली. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

१९३० ते १९३३ या काळात ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. जगभर मंदी आलेली, कापसाचे भाव कोसळलेले. कास्तकाराने आंगठा उठवायचा आणि सावकाराने वहीत वाटेल तो आकडा लिहायचा! व्याजावर व्याज चढे, शेवटी वावर जाई आणि मालक मजूर होई. अशा वेळी १९३३ चा कर्ज लवाद कायदा त्यांच्या प्रयत्नांतून झाला. कर्जदाराने लवाद मंडळाकडे अर्ज करावा, मंडळाने दोघांना बोलवावे, वह्या तपासाव्यात, देणे ठरवून हप्ते बांधून द्यावेत, अशी त्यात सोय होती. तडजोड सावकाराच्या संमतीवर अवलंबून होती, ही त्याची उणीव खरी. पण सावकाराला हिशोब विचारणारे कोणी तरी आले, ही काय लहान गोष्ट झाली?

पुढे शिवाजी शिक्षण संस्थेमार्फत त्यांनी खेडोपाडी शाळा काढल्या. संविधान सभेत ते बाबासाहेबांसोबत सदस्य होते. १९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

बंधू-भगिनींनो, सावकारी अजून संपलेली नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा ठरविले आहे. चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारीत बळकावलेल्या जमिनीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. पण कायदा घरी चालत येत नाही. तो आपल्याला माहीत पाहिजे. म्हणून कर्ज घेताना परवाना पाहा, पावती मागा, कोऱ्या कागदावर सही करू नका. शिकलेल्या पोरांनी आपल्या मोहल्ल्यातल्या आयाबायांना कागद वाचून दाखवावेत, हीच पंजाबरावांना खरी आदरांजली होईल असे आम्हाला वाटते.

जय भीम!