राखेतली पावलं

शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवताना मी एक चूक वर्षानुवर्षं करत आले. ती आज इथे कबूल करणार आहे. आदिमानवाचा धडा आला की मी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढायचे, पूर्वेकडे एक टिंब द्यायचे आणि मुलींना सांगायचे की इथे डॉ. लीकी यांना एक फार जुनी कवटी सापडली. पुढची सगळी वाक्यं ‘त्यांनी शोधलं, त्यांनी ओळखलं’ अशी. लीकी म्हणजे हॅट घातलेला कोणी साहेब असणार, हे मी धरूनच चालले होते. एके वर्षी नववीतल्या एका मुलीनं तास संपल्यावर हळूच विचारलं की बाई, त्या दिवशी डॉ. लीकी तर तापानं झोपले होते ना, कवटी त्यांच्या बायकोला सापडली ना? तिनं वाचनालयात कुठेतरी वाचलं होतं. मी बघून सांगते म्हटलं. घरी येऊन शोधाशोध केली आणि अक्षरशः ओशाळले. मुलीचंच बरोबर होतं.

त्या बायकोचं नाव मेरी लीकी. तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

मेरीचा जन्म ६ फेब्रुवारी १९१३ चा, लंडनचा. वडील अर्स्किन निकोल चित्रकार. थंडी आली की चित्रांचं सामान आणि बायको-मुलगी घेऊन फ्रान्स-इटलीला जायचे. आई सेसिलिया फ्रिअर घराण्यातली. या घराण्यातल्या जॉन फ्रिअर यांनी १७९७ मध्येच इंग्लंडात सापडलेली दगडी हत्यारं पाहून ती फार प्राचीन माणसांची असावीत, असं लिहून ठेवलं होतं. त्यांचेच नातू बार्टल फ्रिअर म्हणजे १८६२ ते १८६७ या काळातले आपल्या मुंबईचे गव्हर्नर. आपल्या फ्लोरा फाउंटनला आधी त्यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं. जग किती लहान असतं, बघा!

फ्रान्समध्ये एका गुहेत उत्खनन चाललं होतं. बाहेर टाकून दिलेल्या मातीच्या ढिगातून लहानग्या मेरीला दगडी हत्यारं वेचायची परवानगी मिळाली. पोरगी त्यातच रमली. पण ती तेरा वर्षांची असताना वडील गेले. आईनं कॉन्व्हेंटमध्ये घातलं. एका शाळेतून नाव काढलं, कारण हिनं कविता म्हणायला नकार दिला. दुसरीतून काढलं, कारण हिनं प्रयोगशाळेत स्फोट घडवला. शाळेची एकही परीक्षा मेरी पास झाली नाही. आईनं ऑक्सफर्डमध्ये चौकशी केली, तर या मुलीनं अर्जही करू नये असंच सुचवण्यात आलं. (पुढे त्याच ऑक्सफर्डनं तिला मानद डॉक्टरेट दिली, हे जाता जाता सांगून ठेवते.)

मग ती नुसतीच लंडनमधल्या व्याख्यानांना जाऊन बसायला लागली. त्यात मॉर्टिमर व्हीलर यांचीही व्याख्यानं होती. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ मध्ये आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. मेरीच्या हातात वडिलांची कला उतरली होती. दगडी हत्यारांची चित्रं ती इतकी नेमकी काढायची, की तिला कामं मिळायला लागली. त्याच ओळखीतून १९३३ मध्ये लुई लीकी भेटला. केनियात जन्मलेला, केंब्रिजचा हुशार संशोधक. त्याला आपल्या पुस्तकासाठी चित्रं हवी होती.

इथे एक अवघड गोष्ट आहे, ती मी लपवणार नाही. लुईचं लग्न झालेलं होतं. बायको फ्रिडा, एक लहान मुलगी आणि दुसरं बाळ वाटेवर. त्या घरातून तो उठून मेरीकडे आला. केंब्रिजमध्ये बभ्रा झाला आणि तिथली नोकरीची वाट बंद झाली. १९३६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी दोघांनी लग्न केलं. मेरीचं कौतुक करताना मला फ्रिडाची आठवण येते, आणि ती यायलाच हवी असं वाटतं.

१९३५ मध्ये मेरीनं पहिल्यांदा ओल्डुवाईची घळ पाहिली. आजच्या टांझानियातली ही खोल, रखरखीत घळ. मसाई लोक तिथल्या घायपातासारख्या एका रानटी झाडाला ओल्डुपाई म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. घळीच्या कडा म्हणजे थरांवर थर. तळ्याचा गाळ, वर ज्वालामुखीची राख, पुन्हा गाळ, पुन्हा राख. शेजारी ज्वालामुखी होते, ते अधूनमधून राख ओकायचे. मेरी या घळीच्या प्रेमात पडली ती कायमची.

पुढची वीसेक वर्षं ओढाताणीची गेली. पैसा नाही, पाणी नाही, तंबूत राहायचं. जोनाथन, रिचर्ड आणि फिलिप अशी तीन मुलं झाली. मधे १९४३ मध्ये एक मुलगी झाली होती, डेबोरा. ती तीन महिन्यांची असतानाच हगवणीनं गेली. १९४८ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातल्या रुसिंगा बेटावर मेरीला प्रोकॉन्सल नावाच्या प्राचीन वानराची कवटी सापडली आणि लीकी हे नाव जगाला कळलं. भाषणं लुई द्यायचा, फोटोत लुई असायचा. मेरीला ते हवंच होतं असं नाही. ती आपली एका गुडघ्यावर बसून, ब्रश घेऊन, तोंडात सिगार धरून कामात. सोबत डाल्मेशियन कुत्री.

आता तो दिवस. १७ जुलै १९५९. लुई तापानं तंबूत पडून होता. मेरी कुत्र्यांना घेऊन एकटीच निघाली. एका उतारावर तिला हाडाचा तुकडा दिसला, मग मातीत रुतलेले दात. माणसाच्या दातांसारखे, पण केवढे मोठे! गाडी पळवत ती तंबूकडे आली आणि लुईचा ताप पळाला. पुढे चारशेच्या आसपास तुकडे जुळवून मेरीनं ती कवटी उभी केली. लुईनं तिला झिंजॅन्थ्रोपस नाव दिलं, घरात मात्र ती लाडकं पोर होती. ज्या जागी ती सापडली, त्या ओघळीला लुईनं पूर्वी फ्रिडाचं नाव दिलेलं होतं. आजही शास्त्रज्ञांच्या कागदावर ती जागा फ्रिडाच्या नावानंच आहे. नियतीचा हिशेब म्हणतात तो हाच असावा.

पण ही कवटी किती जुनी? लुईचा अंदाज होता सहा लाख वर्षं. उत्तर दिलं ते राखेनं. ते कसं, हे मी विद्यार्थिनींना सांगायचे तसंच सांगते.

केळ्यात असतं ते पोटॅशियम आपल्याला माहीत आहे. खडकातही असतं. त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो आणि फार सावकाश त्याचा आर्गॉन वायू होत जातो. इतका सावकाश, की निम्मा संपायला १२५ कोटी वर्षं लागतात. ज्वालामुखीतला रस तापून वितळलेला असतो तेव्हा आधीचा आर्गॉन निसटून जातो. म्हणजे पाटी कोरी. राख पडून थंड झाली की तिच्यातल्या स्फटिकांत नवा आर्गॉन साठायला लागतो. आज तो किती साठलाय ते मोजलं, की राख कधी पडली ते कळतं. हाडाचं वय असं मोजता येत नाही, पण हाड राखेच्या दोन थरांमध्ये सापडलं तर ते वरच्या राखेहून जुनं आणि खालच्या राखेहून नवं, एवढं नक्की. बर्कलीच्या जॅक एव्हर्नडेन आणि गार्निस कर्टिस यांनी ओल्डुवाईची राख मोजली. १९६१ मध्ये आकडा जाहीर झाला : साडेसतरा लाख वर्षं. लुईच्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट! माणसाच्या कुळाचा इतिहास एका फटक्यात मागे सरकला.

मात्र यात एक अट होती. कोणती वस्तू कोणत्या थरातली, हे पक्कं ठाऊक हवं. इथे मेरीचं मोठेपण. दगडाचा टवका सापडला तरी तो नेमका कुठे, किती खोल, शेजारी काय, हे लिहिल्या-रेखाटल्याशिवाय ती उचलू द्यायची नाही. १९७१ मध्ये आलेला ओल्डुवाईवरचा तिचा जाडजूड ग्रंथ असाच पै-पैचा हिशेब आहे.

राख फसवूही शकते, हे तिच्याच घरात कळलं. मुलगा रिचर्ड केनियातल्या तुर्काना सरोवराकाठी खोदत होता. १९७२ मध्ये त्याच्या चमूला एक सुंदर कवटी मिळाली. तिथल्या राखेचं वय आर्गॉनवरून २६ लाख वर्षं निघालं होतं. मृत्यूच्या काही दिवस आधी लुईनं ती कवटी हातात घेतली आणि तो हरखून गेला. १ ऑक्टोबर १९७२ ला तो गेला. पण त्या थरांतल्या डुकरांचे जीवाश्म काही निराळंच सांगत होते. तशीच डुकरं इतर ठिकाणी बऱ्याच नव्या थरांत सापडत होती. काही वर्षं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी कळलं की त्या राखेत आधीच्या खडकांचे जुने कण मिसळले होते. नव्या तांदळात जुना मिसळावा तसे. खरं वय सुमारे १८ लाख ८० हजार.

म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. असा एक साक्षीदार समुद्राच्या तळाशी मिळाला. आपल्या अरबी समुद्राला पश्चिमेकडे लागूनच एडनचं आखात आहे. १९७२ मध्येच ग्लोमार चॅलेंजर या जहाजानं तिथल्या तळाला भोकं पाडून गाळाचे लांबच लांब नमुने वर काढले होते. पूर्व आफ्रिकेतल्या ज्वालामुखींची राख वाऱ्यानं उडून त्या पाण्यात पडली होती. जमिनीवर पाऊस, नद्या थर विस्कटतात. खोल समुद्रात मात्र सगळं शांतपणे एकावर एक बसत जातं. त्या गाळात असतात समुद्रात तरंगणाऱ्या जिवांची कवचं. इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. त्यांची एकेक जात कधी आली, कधी संपली, याचं कॅलेंडर शास्त्रज्ञांनी जगभरच्या गाळावरून बनवलंय. १९८५ मध्ये काचेच्या कणांची रासायनिक घडण ताडून दाखवलं गेलं की तुर्कानाची एक राख, इथिओपियात ल्यूसी सापडली तिथली राख आणि एडनच्या तळातला राखेचा एक थर, तिन्ही एकाच उद्रेकातले! त्या बारीक कवचांवरून वय निघालं तीस लाखांहून थोडं जास्त. आर्गॉननं नंतर ते सुमारे ३४ लाख ठरवलं. समुद्र आणि जमीन यांची साक्ष जुळली.

लुईच्या माघारी मेरी काही विधवा म्हणून कोपऱ्यात बसली नाही. तसं पाहिलं तर दोघं आधीच दुरावली होती. ती ओल्डुवाईत, तो जगभर. १९७४ पासून ती ओल्डुवाईच्या दक्षिणेला लेटोलीत खोदायला लागली. तिथे १९७६ मध्ये राखेवर उमटलेले प्राण्यांचे ठसे मिळाले, आणि १९७८ मध्ये माणसासारख्या पावलांचे. टाच, तळव्याची कमान, पुढे सरळ अंगठा. ज्वालामुखीची राख पडली, वर भुरभुर पाऊस झाला, त्या ओल्या राखेवरून कोणीतरी चालत गेलं. मग राख उन्हानं सिमेंटसारखी घट्ट झाली आणि वर नवी राख पडून सगळं झाकलं गेलं. थेंबांचे डागसुद्धा राहिले! आर्गॉनचं उत्तर : सुमारे ३६ लाख वर्षं. सुमारे २७ मीटरची वाट, शेजारी-शेजारी मोठी आणि छोटी पावलं, आणि मोठ्या पावलांत पाय टाकत गेलेलं तिसरं कोणी. एका जागी छोटी पावलं थबकून किंचित वळली असावीत, असं मेरीला वाटलं. एरवी अंदाज बांधायला नाखूश असलेली ही बाई तिथे थांबली, हे मला फार भावतं. मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधी आपले पूर्वज दोन पायांवर चालत होते, हे त्या वाटेनं सिद्ध केलं.

त्याच वर्षी डोनाल्ड जोहॅन्सन यांनी ल्यूसी आणि लेटोलीचे जबडे एकत्र करून नवी जात जाहीर केली. नमुना म्हणून मेरीच्या लेटोलीचाच जबडा धरला आणि लेखावर तिचंही नाव घातलं. तिला हे पटलं नव्हतं. तिनं आपलं नाव काढायला लावलं. आज बहुतेक शास्त्रज्ञ ती जात मानतात, म्हणजे या वादात काळाचा कौल तिच्या विरुद्ध गेला. तरी जे आपल्याला पटत नाही त्याच्याखाली आपली सही नको, हा तिचा हट्ट मला मोलाचा वाटतो. किती कागदांवर आपण मुकाट्यानं सह्या करतो, हे प्रत्येकीनं आठवून बघावं.

१९८२ मध्ये तिचा डावा डोळा गेला. लवकरच ती घळ सोडून नैरोबीला राहायला आली. ९ डिसेंबर १९९६ ला ८३ व्या वर्षी ती गेली. तिची राख ओल्डुवाईतच विखुरली गेली.

लेटोली अजून बोलतेय. २०१६ मध्ये तिथे आणखी पावलं जाहीर झाली. मेरीच्या चमूनं सत्तरच्या दशकात उघडलेले काही विचित्र ठसे अस्वलाचे असावेत असं म्हणून बाजूला पडले होते. ते पुन्हा उघडून तपासले गेले आणि २०२१ मध्ये कळलं की तेही आपल्याच कुळातल्या कुणाचे तरी. तिनं जागेची नोंद नीट ठेवली होती म्हणूनच ते पुन्हा सापडले.

त्या नववीतल्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभं करून सांगितलं की तिचं बरोबर, बाईंचं चूक. पण तिच्याआधी कितीतरी तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या, त्यांच्या वह्यांत तीच चूक आहे. त्यांच्यापैकी कुणी आज सकाळी चहाबरोबर हे वाचत असेल, तर पोरींनो, त्या धड्यातलं वाक्य खोडा. कवटी मेरीला सापडली. तारीख १७ जुलै १९५९.