भूमापक डेव्हिड थॉम्पसन

कॅनडा देशाचा नकाशा आज शाळेंतील मुलांच्याहि हातीं असतो. उत्तरेस हडसनचा उपसागर, मध्यें असंख्य सरोवरें व गवताळ मैदानें, पश्चिमेस रॉकी पर्वताच्या रांगा आणि त्यांपलीकडे पॅसिफिक महासागर, हें सर्व त्यांत एकदम दिसतें. परंतु सव्वादोनशें वर्षांपूर्वी यूरोपियन लोकांच्या नकाशांत या प्रदेशाची जागा बहुतेक कोरी होती. ज्यांनीं ती पायीं चालून व मोजून भरून काढिली, त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

डेव्हिड थॉम्पसन यांचा जन्म इ. स. १७७० च्या एप्रिल महिन्यांत लंडन येथील वेस्टमिन्स्टर भागांत एका गरीब वेल्श कुटुंबांत झाला. डेव्हिड दोन वर्षांचा असतांनाच त्याचा बाप वारला. सातव्या वर्षीं त्याला ग्रे कोट नांवाच्या धर्मार्थ शाळेंत घातलें. तेथें तो गणित शिकला. १७८४ सालीं, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षीं, त्याला सात वर्षांच्या करारानें हडसन्स बे कंपनीच्या चाकरीस पाठविण्यांत आलें. ही कंपनी बीव्हर वगैरे प्राण्यांच्या केसाळ कातड्यांचा व्यापार करीत असे. त्यानंतर लंडन शहर त्याच्या दृष्टीस पुन्हा पडलें नाहीं.

सतराव्या वर्षीं त्यानें मैदानांतील पीगन लोकांच्या तळावर एका वृद्धाच्या तंबूंत हिवाळा काढिला, व त्याच्या तोंडून त्या लोकांचा पूर्वेतिहास ऐकला. पुढल्या वर्षीं, १७८८ च्या डिसेंबरांत, त्याचा पाय मोडला, आणि वर्षभर तो कामास निरुपयोगी झाला. पण हेंच संकट त्याच्या विद्येस कारण झालें. कंपनीचा भूमापक फिलिप टर्नर याजपाशीं तो त्या काळांत ज्योतिष व भूमापन शिकला. याच सुमारास त्याच्या एका डोळ्याची दृष्टि गेली. तरी करार संपल्यावर कंपनीकडून रिवाजाप्रमाणें मिळणारा नवा पोषाख न मागतां त्यानें मोजणीचीं यंत्रें मागितलीं.

१७९७ सालीं थॉम्पसन साहेब नॉर्थ वेस्ट कंपनींत गेले, कारण तेथें मोजणीच्या कामास अधिक वाव होता. त्यांची रीत अशी होती: थाळींत पारा ओतावयाचा, त्यांत पडलेल्या सूर्याच्या किंवा ताऱ्याच्या प्रतिबिंबावरून त्याची उंची मोजावयाची, आणि त्यावरून अक्षांश काढावयाचा. चंद्राचें ताऱ्यांपासूनचें अंतर मोजून ते रेखांश काढीत. दिवसभर होडी वल्हवून किंवा बर्फांतून चालून थकल्यावरहि आकाश निरभ्र असलें तर ते हें काम करीत. म्हणून सेलिश लोकांनीं त्यांस ताऱ्यांकडे पाहणारा असें नांव दिलें होतें. तेथील वाटा व नद्या त्या देशच्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या, हें मात्र विसरतां कामा नये. त्यांच्या वाटाड्यांवांचून साहेबांस एक मजलहि करतां आली नसती.

१७९९ सालीं त्यांनीं शार्लट स्मॉल हिच्याशीं त्या देशच्या रीतीनें लग्न केलें. तिची आई क्री जातीची होती, व बाप स्कॉटिश व्यापारी. तो बाप बायकामुलांस तेथेंच टाकून देशीं निघून गेला होता. असें करणारे व्यापारी पुष्कळ होते. थॉम्पसन साहेबांनीं तसें केलें नाहीं. तिला व मुलांस घेऊन ते कित्येक प्रवासांस गेले, आणि १८१२ सालीं मॉंट्रिऑल येथें आल्यावर त्यांनीं तिच्याशीं चर्चमध्यें विधिपूर्वक विवाह केला. त्यांस तेरा मुलें झालीं.

दारूनें त्या लोकांचा होणारा नाश त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता. म्हणून आपल्या हाताखालून दारू पर्वतापलीकडे जाऊं द्यावयाची नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. १८०८ सालीं वरिष्ठ भागीदारांनीं दोन पिंपें नेण्याचा आग्रह धरला, तेव्हां साहेबांनीं तीं एका द्वाड घोड्यावर लादलीं. घोड्यानें तीं खडकांवर घासून दुपारपर्यंत फोडून टाकिलीं. पुढें पुन्हा दारू आल्यास हेंच होईल, असें त्यांनीं भागीदारांस कळविलें.

पर्वतापलीकडची कोलंबिया नदी प्रथम उत्तरेकडे वाहते व मग एकाएकीं दक्षिणेकडे वळते. यामुळें १८०७ सालीं तिच्या कांठीं पोहोंचूनहि ही कोणती नदी हें साहेबांस समजलें नाहीं. १८१० सालीं पीगन लोकांनीं जुनी खिंड अडविली, कारण व्यापाऱ्यांच्या बंदुका त्यांच्या शत्रूंच्या हातीं जात होत्या. तेव्हां साहेबांनीं उत्तरेची वाट धरून १८११ च्या जानेवारींत कुत्र्यांच्या गाड्यांनिशीं अथाबास्का खिंड ओलांडली. होडीसाठीं भूर्जाची चांगली साल मिळेना, म्हणून त्यांनीं देवदाराच्या फळ्या मुळ्यांच्या दोरांनीं शिवून होडी केली. १५ जुलै १८११ रोजीं ते नदीच्या मुखाशीं पोहोंचले. तेथें अमेरिकन व्यापाऱ्यांचें ठाणें कांहीं महिन्यांपूर्वींच उभें राहिलें होतें.

एकंदर सुमारें ५५,००० मैलांच्या प्रवासांतून त्यांनीं १८१४ सालीं मोठा नकाशा पुरा केला. तो आज ओंटारिओ प्रांताच्या दप्तरखान्यांत जतन केलेला आहे. पुढें सरहद्दीच्या मोजणीवर असतांना ते आपल्या माणसांस फ्रेंच भाषेंतून पवित्र शास्त्र वाचून दाखवीत. म्हातारपणीं मात्र त्यांस दारिद्र्यानें गांठलें. यंत्रें विकावीं लागलीं, अंगरखाहि गहाण पडला. प्रवासाचा वृत्तांत लिहीत असतां उरलेली दृष्टिहि गेली, आणि ग्रंथ अपुरा राहिला. १० फेब्रुवारी १८५७ रोजीं ते वारले. तीन महिन्यांच्या आंत शार्लटबाईहि गेल्या. साहेबांच्या कबरेवर नांवाचा दगडहि नव्हता.

तीस वर्षांनीं जोसेफ टिरेल नांवाचे भूगर्भशास्त्रज्ञ त्याच प्रदेशांत फिरत होते. जुने नकाशे इतके बिनचूक कसे, याचें त्यांस आश्चर्य वाटलें. शोध करतां थॉम्पसन साहेबांचें नांव निघालें. टिरेल यांनीं त्यांचा वृत्तांत १९१६ सालीं छापविला, व १९२७ सालीं कबरेवर स्मारक उभें राहिलें.

प्रिय वाचकहो, रानांत रात्रीं केलेली ती मोजणी तपासावयास जवळ कोणी नव्हतें. आंकडा अंदाजानें लिहिला असता, तरी त्या दिवशीं कोणास कळलें नसतें. त्यांनीं तसें केलें नाहीं, म्हणूनच शंभर वर्षांनीं त्यांचें काम त्यांच्या वतीनें बोललें.