पाषाण आणि गीत: रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें चरित्र

माघी पौर्णिमेच्या सुमारास गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणाऱ्या गाड्यांना मोठी गर्दी होते. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले गोंड बांधव दरेकसा येथें उतरून कचारगडच्या गुहेकडे चालूं लागतात. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळांनीं हा मेळा पाहिला असेल. परंतु ज्या लिंगोच्या स्मरणार्थ हीं माणसें जमतात, त्याचें गीत प्रथम कागदावर उतरविण्याचें काम एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानें केलें, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक आहे.

ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते, हें आरंभींच सांगितलेलें बरें. पण शेजाऱ्याच्या अंगणांतील झाडाची सावली नाकारण्याचें आपणांस कारण नाहीं. त्यांचा जन्म डन्स या गांवीं ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. सन १८४५ च्या आरंभीं ते सपत्नीक नागपुरास आले. तेव्हां तेथें भोसल्यांचें राज्य होतें. ते मराठी शिकले आणि १८४६ सालीं त्यांनीं शाळा काढली. आजचें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

नागपूरजवळच्या टाकळी येथें काळ्या पाषाणाच्या खालीं मातीचा एक पातळ थर आहे. हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना १८५१ च्या सुमारास त्यांत अश्मीभूत शंख सांपडले. मग फळें, बिया, भुंगेऱ्यांचे पंख असें पुष्कळ कांहीं हातीं आलें. शंख समुद्राचे नव्हते, गोड्या पाण्याचे होते. म्हणजे कोणे एके काळीं येथें सरोवर होतें आणि त्यावर तापलेला शिलारस पसरला, असें अनुमान त्यांनीं काढलें. लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळानें त्यांचा निबंध १८५५ सालीं छापला, आणि एका खनिजास हिस्लोपाइट हें नांव मिळालें. तो शिलारस सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा, असें आजचे शास्त्रज्ञ सांगतात.

सहा दिवसांच्या सृष्टिकथेचा उपदेश करणाऱ्याच्या खिशांत असे दगड कसे, असें कोणी विचारील. आम्हांला सेमिनरींत शिकविलें कीं, सृष्टि कोणीं केली हें पवित्र शास्त्र सांगतें. तिचें पंचांग तें मांडीत नाहीं. शंख गोड्या पाण्याचा असेल, तर तो तसाच लिहावा, एवढाच प्रामाणिकपणा लागतो.

हाच प्रामाणिकपणा त्यांनीं गाणाऱ्यापुढें दाखविला, आणि मला तें अधिक अवघड वाटतें. परधान हे गोंडांचे भाट. किंगरीच्या सुरावर ते पूर्वजांच्या कथा गातात. एका परधानाकडून हिस्लॉप यांनीं लिंगोचें गीत म्हणवून घेतलें आणि गोंडी शब्द रोमन लिपींत उतरविले. त्यांत महादेव आहे, गुहेंत कोंडलेले गोंड आहेत, त्यांना सोडविणारा लिंगो आहे, कचिकोपा लोहगड आहे. उपदेशकाला न मानवणारे देव गाळून निवडक कथा लिहिणें सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. आम्हां धर्मगुरूंना बोलण्याची संवय फार, ऐकण्याची थोडी. म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो.

पण हें सारें हस्तलिखितच राहिलें होतें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहण्यास गेले. परततांना हिस्लॉप मागें राहिले. पावसानें ओढा फुगला होता. बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून एकटेच येत असतां अंधारांत ते त्यांत बुडाले. चारच दिवसांनीं त्यांना शेहेचाळीस वर्षें पूर्ण झालीं असतीं.

मागें राहिले ते सुटे कागद. असे कागद वाळवीच्या मुखीं जातांना आपण किती वेळां पाहतों! टेंपल यांनीं ते गोळा करून, टीपा जोडून १८६६ सालीं ग्रंथरूपानें छापले, आणि गीत वांचलें. त्यांतील कचिकोपा लोहगड म्हणजेच आपल्या सालेकसा तालुक्यांतील कचारगड, असें आजचे गोंड मानतात. किंगरी घेतलेले परधान माघांत अजून त्या वाटेनें जातात.