मुरुडचा धोंडू

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेतले की हिंगण्याची झोपडी आणि महिला विद्यापीठ डोळ्यांपुढे उभे राहते. दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे मुरुड मात्र सहसा कोणाला आठवत नाही. १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे आजोळी जन्मलेला धोंडू वाढला तो याच नारळी-पोफळीच्या गावात. अण्णांनी १९१५ साली ‘आत्मवृत्त’ लिहिले, त्यात या बालपणाला मोठी जागा आहे.

घराण्याला पूर्वी चांगले दिवस होते, आता वडील केशवपंत नोकरीनिमित्त परगावी असत. संसार ओढगस्तीचा. पण आई लक्ष्मीबाई मानी होत्या. दक्षिणेसाठी मुलांनी कोणापुढे हात पसरावा, हे त्यांना कदापि रुचले नाही. धोंडू विलक्षण लाजाळू. चारचौघांत तोंड उघडणे म्हणजे संकटच. अशा मुलाला सोमण गुरुजींनी कामाला लावले ते दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याच्या! गुरुजींना सार्वजनिक कामाची हौस. गावात भागीदारीचे दुकान निघाले तेव्हा विक्रीलाही हाच विद्यार्थी उभा राहिला. दुकान तोट्यात गेले, पण गावाचे काम ते आपले काम, ही सवय मात्र लागून गेली.

पुढे १८७५ साल उजाडले. सरकारी नोकरीचे दार उघडणारी सहावी इयत्तेची परीक्षा द्यायची, तर सातारा गाठणे भाग होते. ऐन पावसाचे दिवस. दुथडी वाहणारे ओढे, घाटातली निसरडी वाट आणि पायांखेरीज दुसरे वाहन नाही. सोबत्यांसह सुमारे ११० मैल तुडवत धोंडू चार दिवसांत साताऱ्यास पोहोचला. परीक्षेस बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पुरी असावी लागत. त्याची ती झाली होती, पण अंगकाठी किरकोळ. परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे एकवार पाहिले आणि हा सतराचा नव्हे, असे ठरवून टाकले. बोलून आपली बाजू मांडावी, तर तेच त्याला जमत नव्हते. आला तसा तो परतला. मुलाचे उमेदीचे एक वर्ष एका नजरेने बुडवणाऱ्या त्या गृहस्थांना पुढे याची आठवण तरी राहिली असेल काय? १८७६ साली कोल्हापूरला तीच परीक्षा तो उत्तीर्ण झाला.

मग मुंबई, १८८१ मध्ये मॅट्रिक, १८८४ मध्ये गणित घेऊन पदवी. पोटापुरते मिळू लागताच अण्णांनी १८८६ साली गावाच्या हितासाठी ‘मुरुड फंड’ उभारला.

पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या. ११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला आणि नवपरिणित दांपत्य मुरुडला गेले. ज्यांना लहानपणी त्यांनी वर्तमानपत्रे वाचून दाखवली, त्यांतले कित्येक तेव्हा हयात असतील. गावाने बहिष्कार घातला. त्याची झळ वडील बंधूंना आणि वृद्ध आईलाही लागणार होती. पोटच्या मुलाला घरात घेणेही त्या माउलीला अवघड झाले. त्याच वर्षी अण्णांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली.